घरातला माणूस तुरुंगात आणि डोकं ठिकाणावर नाही? या चुका टाळा

रत्नागिरी, सावंतवाडी, अलिबाग, तुरुंग कुठलाही असो, भेटीला आलेल्या घरच्यांचं बोलणं साधारण एकच असतं: "आधीपासूनच जरा विचित्र वागायचा, पण सांगणार कोणाला?" सांगायला हवं होतं, आणि तेही अटकेच्या दिवशीच.

आजार लपवणं

आधीच अब्रू गेली, त्यात वेडाचा शिक्का कशाला, म्हणून मनोरुग्णालयाचे केसपेपर कपाटातच राहतात. इकडे आत गोळ्या बंद होतात. लिथियम (मूडच्या आजारावरचं औषध) एकदम तुटलं तर आजार उसळून येऊ शकतो. झोपेच्या गोळ्या महिनोन् महिने घेणाऱ्याच्या अचानक थांबल्या तर फिटसुद्धा येऊ शकते. केसपेपरच्या झेरॉक्स काढा. एक वकिलाला द्या, एक अटकेनंतर तपासणाऱ्या डॉक्टरला आणि एक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, सोबत अर्ज जोडून. अर्जाची पोच घ्या. गोळ्यांची पाकिटं गेटवर देऊन भागत नाही, त्या तुरुंगाच्या डॉक्टरमार्फतच मिळायला हव्यात. दाद लागली नाही तर वकिलाकरवी कोर्टात अर्ज करा.

दारू तुटल्याची लक्षणं न ओळखणं

यात सगळ्यात जास्त गफलत होते. रोज पिणारा माणूस कोठडीत गेला की दारू त्याच क्षणी बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घामाने अंग भिजतं, भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणीतरी हाका मारतंय असं वाटतं. दिवस कुठला, आपण कुठे आहोत, याचा पत्ता राहत नाही. बराकीतले म्हणतात, "काय्येक नाय झाला तेका, नाटका करता." घरी बातमी पोचते तोवर कोणीतरी 'बाहेरचं' असल्याचं सांगून मोकळा झालेला असतो. गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, देवाची काही हरकत नसावी. पण हा दारू तुटल्याचा झटका आहे, त्यात जीव जाऊ शकतो, आणि त्याला रुग्णालयच लागतं. म्हणून अटकेच्या वेळीच सांगा: रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का. लाजेपोटी "कधीमधी घेतो" म्हणू नका.

"फुकट जेवतात, त्यांना कसलं टेन्शन?"

ही चूक घरच्यांची नाही, नाक्यावरच्यांची. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. त्यात कितीतरी गरीब, ज्यांना जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार किंवा ट्रॉलरवरचा परराज्यातला खलाशी आत गेला, तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोण येणार? बोलायला धड भाषाही नसते. अशा माणसाने खाणं सोडलं, कोपरा धरला, तर लक्षात यायलाच वेळ लागतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कैद्यांच्या उपचारांसाठी स्वतंत्र कलम (१०३) आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा असतो. त्यामुळे उपचार मागताना हात जोडायची गरज नाही.

"वेडा ठरला की सुटला"

नाही. गुन्ह्याच्या वेळी मनाची अवस्था काय होती आणि आज तो खटल्याला तोंड देण्याच्या स्थितीत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. दोन्ही कोर्ट ठरवतं, तेही डॉक्टरांचे कागद पाहून. फायद्यासाठी सोंग शिकवू नका, खऱ्या रुग्णांचं नुकसान होतं.

भेटीला जाणं बंद करणं

आत्महत्येचा धोका आत गेल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त असतो, आणि नेमके तेव्हाच घरचे रागाने तोंड फिरवतात. जायला जमत नसेल तर ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरून भेटीची सोय आहे. भेटीत केसबद्दल थोडं कमी बोला. झोप लागते का, जेवतो का, मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर खटकलं तर त्याच दिवशी तुरुंग अधिकाऱ्याला लेखी द्या. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००. घरच्यांचीच झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.

सुटकेच्या दिवशी आतल्या उपचारांचा कागद मागून घ्या आणि आठवड्याच्या आत ओपीडी गाठा. तो कागद नसला, तर आत कोणती गोळी किती चालू होती याचा बाहेरच्या डॉक्टरला अंदाजच बांधावा लागतो.