हरभऱ्यात पाखरं बोलवा, शाळूवरची राखा : येळवशीच्या आसपासची कामं

येळवस (वेळ अमावस्या) जवळ आली की आपल्या लातूर-धाराशिव पट्ट्यात हरभरा फुलातून घाट्यात जायला लागतो आणि शेजारच्या वावरात शाळू (रब्बी ज्वारी) निसवत म्हणजे कणसं बाहेर काढत असतो, अन् नेमकं याच टायमाला पाखरांच्या बाबतीत गडबड होते. हरभऱ्यात पाखरू पायजेच, शाळूच्या कणसावर नको, आणि दोन्ही वावरं बऱ्याचदा एकाच बांधाला असतात, म्हणून कुठलं काम कधी करायचं ते पाहा.

आधी हरभरा. सकाळी चक्कर मारताना घाट्याला गोल छिद्र दिसलं की खाली वाकून बघा, अळी डोकं आत घालून दाणा खात असते आणि मागचं धड बाहेर लोंबत असतं. कोतवाल, साळुंक्या, गायबगळे हेच शोधत असतात. बगळा सरीत चालत वेचतो, पण कोतवालाला उंच बसायला लागतं, तिथून तो खालची हालचाल हेरतो, झडप घालतो आणि परत त्याच काठीवर येऊन बसतो. म्हणून मागच्या वर्षीच्या तुराट्या नाहीतर बांबूच्या काठ्या टी आकारात बांधून एकरी 20 तरी रोवा, पिकाच्या वर हात-दीड हात निघतील अशा. खर्च काहीच नाही, तरी लोक कंटाळा करतात याचं वाईट वाटतं. फुलोऱ्यात 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, आणि रासायनिक औषध मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्यावरच, उगं शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं नाही.

ज्यांनी पेरतानाच हरभऱ्यात थोडी ज्वारी टाकली त्यांची ताटंच पाखरांना बसायला होतात, भारी काम, फक्त त्या कणसात दूध भरलं की हुरड्याला काढून घ्या, नाहीतर दाणे खाणारी पाखरं तिथूनच शेजारच्या शाळूत शिरतात. शाळूच्या बांधालगतच्या काठ्याही तेव्हाच उपटा.

आता शाळू. चिमण्या, राघू तर आहेतच, पण खरी धास्ती भोरड्यांची (गुलाबी मैनांची). ही पाखरं मध्य आशियाकडून पावसाळा संपता संपता येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात, थवा वळला की आभाळच हलल्यासारखं वाटतं. नाकतोडे लई खातात त्यामुळं सरसकट दुश्मन म्हणू नका, पण कणीस दुधात असताना थवा बसला तर नुकसान होतंच. राखण दिवसभर जमत नसेल तर दिवस उगवल्यापासून 10 वाजेपर्यंत आणि 4 नंतर अंधार पडेपर्यंत तरी करा, पाखरं खायला त्याच वेळी जास्त उतरतात. चमकी रिबीन दोन-तीन पीळ देऊन ताणा म्हणजे वाऱ्यावर आवाज करते, आणि बुजगावण्याची जागा बदलत राहा, एका जागी ठेवलं की पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात. पुढच्या साली शिवारात सगळ्यांनी पेरणी एकाच वेळी केली तर मार वाटला जातो, एकटंच आगाप किंवा मागास असलेलं वावर पाखरं मोकळं करतात.

दाण्याला विष लावून टाकणं मात्र बिलकुल नको. त्यात मोर मरतात, गावातली कोंबडी-कुत्री मरतात, आणि उंदरं खाऊन आपली राखण करणारं घुबडही जातं. वन्यजीव कायदा 1972 चा आहे आणि मोराच्या बाबतीत तो लई कडक आहे.

रानडुकरांसाठी तारेत थेट लाईनीचा करंट सोडणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगणं आहे की बंद करा. आपल्याकडं लाईट रात्रीची असते, माणूस पाणी द्यायला अंधारात बांधावरून चालतो आणि त्याच तारेला चिकटतो, कधी शेजारी तर कधी घरचाच. सोलर झटका मशीन वेगळी, तिचा झटका क्षणभराचा असतो, जनावर घाबरून पळतं पण मरत नाही. तीच बसवा, आणि तारेखालचं गवत काढत राहा, गवत टेकलं की झटका उतरतो.

रात्री बॅटरी आणि गमबूट असल्याशिवाय बारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाऊ नका, थंडीत घोणस ढेकळात, धसकटात पडून असते. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका, 108 ला फोन लावून सरकारी दवाखान्यात न्या.

डुक्कर, रोही (नीलगाय), हरणांनी पीक तुडवलं तर 3 दिवसांच्या आत वनखात्याकडं अर्ज द्या, सोबत सातबारा आणि फोटो. पंचनामा होईपर्यंत पडलेली ताटं उचलू नका आणि वावरात औत घालू नका, खुरांचे ठसे अन् उकरलेली माती हाच आपला पुरावा असतो.