१ जूनच्या आत कळा आणायचा हट्ट धरण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात मे लागला की घरटी हाच प्रश्न: “ताई, एक तारखेच्या आत कळा आणता येतील काय?” कर्नाटकात पहिलीला १ जूनला ६ वर्षं पूर्ण लागतात, २ तारखेला जन्मलं तर पोराचं वर्ष वाया, असा हिशेब. मी आशा कार्यकर्ती आहे. मी काय करायला सांगते ते लिहिते.

महिने नको, आठवडे मोजा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवा, ती बाळंतपणाची तारीख, ४० आठवडे भरतात ती. १० सप्टेंबर असेल तर १७ जून. म्हणजे २८ मेला जेमतेम ३७ आठवडे. पाळी आठवत नसेल तर तिसऱ्या महिन्यातल्या स्कॅनवर दिलेली बाळंतपणाची तारीख धरा, नवव्यातली नको.

आणि आठवड्याला कन्नडात ‘वार’ म्हणतात. चंदगडकडची एक सासू डॉक्टरांचं “मूवत्तेंटु वार” ऐकून रडायलाच लागली. तिला वाटलं वारेचं काहीतरी बिघडलं. ते ३८ आठवडे होते!

मग डॉक्टरांना विचारा, कळा कशासाठी आणायच्या? बीपी, शुगर, पाणी कमी, बाळाची वाढ थांबलेली, असं काही असेल तर वाद घालू नका. ४१ आठवडे भरले असतील तरीही वाद नको. स्वीडनमधल्या एका अभ्यासात ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या बायकांच्या गटात ६ बाळं दगावली आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ४१ ला कळा आणलेल्या गटात एकही नाही.

कारण नुसतं शाळेचं असेल तर मात्र ऐका. नेदरलँड्समध्ये सव्वादोन लाखांवर मुलांचे बाराव्या वर्षाचे गुण बघितले. आजाराचं कारण नसताना कळा आणलेल्यांचे गुण थोडे कमी निघाले. फरक किंचितच, आणि तो कळांमुळेच पडला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण शाळेसाठीच घाई करताय ना? शेवटच्या आठवड्यांत मेंदू वाढतच असतो. शिवाय २०२५-२६ ला सरकारनं वयात सूट दिलीच होती. सहा वर्षांनी नियम काय असेल, कोण सांगणार?

३९ आठवडे भरल्यावर सिझरच्या बाबतीत गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या २०१८ च्या अभ्यासात तेव्हा कळा आणलेल्या पहिलटकरणींचं सिझर उलट कमी झालं, शंभरात २२ चे १९.

थांबायचं ठरलं तर बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. ती मंदावली, पाणी गेलं, अंगावर रक्त गेलं, की लगेच १०८ ला फोन. मग ३१ मे असो नाहीतर २ जून.