हातकामाचा तास लावताना

पूर्व-व्यावसायिक विषय, म्हणजे शाळेतलं हातकाम, नव्याने सुरू करणारे शिक्षक मला आधी यंत्रांची यादी विचारतात. सोळा वर्षं आठवी-नववीकडून हातकाम करून घेतल्यावर मी सांगते, यादी राहू द्या, वेळापत्रक हातात घ्या. सलग तीन तासिका हव्यातच. एका तासिकेत हत्यारं निघतात आणि परत कपाटात जातात, एवढंच.

मग काम निवडा. ते झाल्यावर कोण वापरणार, हे आधी ठरलेलं असावं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांकडून शोभेच्या चौकटी करून घेतल्या. वर्षअखेर त्या कपाटामागे धूळ खात होत्या. पुढच्या वर्षी वाचनालयासाठी बाक केलं. ग्रंथपालबाई बसल्या आणि बाक डुगडुगलं. मी काही बोलायच्या आत मुलं गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार) घेऊन धावली.

करवतीच्या आधी मोजमाप. सुतळीवर ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण ताणून जमिनीवर काटकोन काढायला लावा. लाकडी चौकट जोडली की दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्णांत फरक आला, तर चौकट तिरकी आहे. भूमितीला कंटाळलेला एक मुलगा चार मिलिमीटरचा फरक शोधण्यात डबा खायचा विसरला होता.

ड्रिलपाशी मात्र मी कडक असते. केस बांधलेले, बाह्या वर, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. हातमोजे नाहीत, कारण फिरत्या बिटात, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकात, ते गुंततात आणि हात ओढला जातो. पत्रा शिकंज्यातच, म्हणजे टेबलावर घट्ट आवळणाऱ्या पकडीतच, धरायचा. भोक आरपार होताना बिट अडकतं आणि हातातला पत्रा गर्रकन फिरतो. विजेचं काम बॅटरीवर सुरू करा.

लाकूड, धातू, वीज, रोपवाटिका, स्वयंपाक, शिवण: प्रत्येक गट सगळीकडे फिरला पाहिजे. मुलींना शिवण आणि मुलग्यांना वेल्डिंग अशी वाटणी कुणी सुचवली तर ठाम नकार द्या. या वयात कुणाचा धंदा ठरवायचा नाही. रोपवाटिकेत १०० बिया ओल्या कापडात गुंडाळा, उगवलेल्या मोजा; टक्केवारी तिथेच शिकून होते.

गुण वहीवर द्या: ठरवलेलं माप, आलेलं माप, फरक कशाने पडला. आणि वर्षातून दोनदा तरी सुताराला, वायरमनला वर्गात बोलवा. मानधन आधी ठरवा. सुताराने सांध्यावर अंगठा फिरवून ‘हा उघडून पुन्हा बसव’ म्हटलं, की मुलं लगेच उघडतात.