मागच्या खोलीत रेंज नाही? जुना राऊटर जोडताना या चुका टाळा

रत्नागिरीजवळचं आमचं घर लांबोळकं आहे. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे, परसदाराच्या अंगाला, नंतर बांधलेली झोपायची खोली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जुन्या भागात फूटभर जाड. फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून पडवीत येते, त्यामुळे नेटचा डबाही पडवीतच टांगलेला. वहिनी मागच्या खोलीत बसून दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. मध्ये चार भिंती, त्यातल्या एकीला टेकून लोखंडी कपाट. तास रंगात आला की आवाज तुटायचा, मुलं "मॅडम, ऐकू येत नाही" म्हणायची आणि वहिनी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या.

माळ्यावर एक जुना राऊटर पडून होता, टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड यायचं तेव्हाचा. आज तोच मागच्या खोलीत चालतो आहे आणि वहिनींचा तास सलग होतो. पैसे गेले ते फक्त केबलचे आणि कनेक्टरचे. पण तिथवर पोचेपर्यंत आम्ही काही चुका केल्या, आणि नंतर नातेवाइकांकडे हेच काम करताना त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दुखणं कुठे आहे ते न बघता सुरुवात करणं

आधी डब्यापासून दोन हात अंतरावर बसून स्पीड तपासा, मग मागच्या खोलीत. डब्याजवळही नेट रडत असेल तर घरात कितीही राऊटर लावले तरी फरक पडणार नाही. तक्रार नेट देणाऱ्याकडे करावी लागेल. डब्याजवळ चांगलं आणि खोलीत वाईट, असं असेल तरच पुढचं वाचा.

फोनवरचं एखादं वायफाय ॲनलायझर ॲप सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराच्या मापात) दाखवतं. उणे ५०च्या आसपास उत्तम. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायचा तर साधारण उणे ६७पर्यंत चालतं. उणे ८०ला फोनवर एखादी कांडी दिसते, पण काम होत नाही. आमच्या मागच्या खोलीत आकडा उणे ८२ होता. दुसरी खूण म्हणजे लॅपटॉपवरून मुख्य डब्याच्याच पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. घरातल्या घरात उत्तर यायला कधी ३, कधी ४०० मिलिसेकंद लागत असतील, मधूनच उत्तरच येत नसेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा नाही, मधल्या हवेचा आणि भिंतींचा आहे.

एक साधी गोष्टही आधी करून बघावी. डबा कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा जमिनीलगत असेल तर उंचावर, मोकळ्यावर घ्या. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी यांच्याआड सिग्नल फार पडतो. मात्र फायबरची बारीक तार ओढू नका, चुरगळू नका. ती काचेची आहे, घट्ट वळण दिलं की उजेड गळतो आणि डब्यावर लाल दिवा लागतो.

जिथे रेंज नाही तिथेच रिपीटर लावणं

जुन्या राऊटरमध्ये रिपीटर किंवा डब्ल्यूडीएस (हवेतून सिग्नल घेऊन तोच पुढे पसरवणं) असा पर्याय दिसला की मोह होतो. तारेचा त्रास नाही, खोलीत प्लग लावला की झालं. आम्हीही तेच केलं. फोनवर कांड्या भरल्या, आणि तास तसाच तुटत राहिला. कारण रिपीटर स्वतःहून नेट तयार करत नाही. त्याच्या हाती पोचतं तेच तो पुढे देतो. उणे ८२वर मोडकंतोडकं येत असेल तर तो तेच जोरात ओरडून सांगणार. त्यात एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्याच रेडिओने बोलायचं, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो.

तार टाकणं शक्यच नसेल तर रिपीटर अर्ध्या वाटेवर ठेवा, जिथे मूळ सिग्नल अजून धड आहे. आमच्या घरात ती जागा माजघराच्या दारावर होती. पण जमेल तिथे तारच टाका, असं मी आग्रहाने सांगेन. जांभ्याच्या भिंतीशी भांडायचं कशाला, तिच्यातून एक भोक पाडून केबल नेता येते.

केबल चुकीच्या भोकात, आणि सेटिंग उलट क्रमाने

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या दृष्टीने राऊटरची दोन कामं महत्त्वाची. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो, आणि वायफाय पसरवतो. मागच्या खोलीतल्या राऊटरने फक्त दुसरं काम करायचं आहे. पत्तेवाटप, म्हणजे डीएचसीपी, मुख्य डब्याकडेच राहिलं पाहिजे. दोघंही वाटायला लागले तर काही फोनना मुख्य डब्याचा पत्ता मिळतो, काहींना जुन्या राऊटरचा. ज्यांना जुन्याचा मिळतो ते त्यालाच घराचं दार समजतात, आणि त्या दारापलीकडे रस्ता नसतो. वायफाय जोडलेलं दिसतं, पण "इंटरनेट नाही". सकाळी चालतं, संध्याकाळी बंद, दादाच्या फोनवर चालतं, वहिनींच्या नाही, असा विचित्र खेळ दिसला तर पहिला संशय यावरच घ्यावा.

दुसरी गोष्ट पत्त्याची. समजा मुख्य डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि जुन्याचाही तोच. कित्येक कंपन्या कारखान्यातून हाच पत्ता देतात. एका वाडीत एकाच क्रमांकाची दोन घरं असल्यासारखं होतं. जिओच्या फायबरच्या डब्याचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, म्हणजे तिथे जुन्या राऊटरला १९२.१६८.२९ने सुरू होणारा पत्ता हवा. शेवटचा आकडा मुख्य डबा ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा घ्यावा. मुख्य डब्याच्या सेटिंगमध्ये वाटप १० पासून सुरू करून ठेवलं की २ मोकळा राहतो.

आता क्रम. जुना राऊटर घरच्या नेटला जोडायच्या आधी टेबलावर घ्या. चालू असताना पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे जुनी सेटिंग पुसली जातील. लॅपटॉपचं वायफाय बंद करून त्याला केबलने जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका. तो बहुधा राऊटरच्या पाठीवर छापलेला असतो. आधी वायफायचं नाव, पासवर्ड आणि चॅनेल (वायफायची हवेतली पट्टी, कोणती ते पुढे येतं) भरा. राऊटरच्या स्वतःच्या लॉगिनचा कारखान्यातून आलेला पासवर्डही याच वेळी बदला. मग लॅनचा, म्हणजे घरातल्या जाळ्यातला राऊटरचा पत्ता बदला. राऊटर पुन्हा सुरू होईल, केबल काढून लावा आणि नव्या पत्त्यावर आत शिरा. डीएचसीपी अगदी शेवटी बंद करा. हे आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि सेटिंगचं पान उघडायचं बंद होतं. तसं झालंच तर राऊटरच्या त्या वेळच्या पत्त्याशी जुळणारा पत्ता लॅपटॉपला हाताने द्या, जसं राऊटर १९२.१६८.२९.२वर असेल तर १९२.१६८.२९.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि पुन्हा आत जा. राऊटर बिघडलेला नसतो.

मग केबल. मुख्य डब्याच्या लॅन पोर्टातून निघून जुन्याच्याही लॅन पोर्टातच. वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायच्या भोकात नाही. वॅनमध्ये लावलं तरी पुष्कळदा नेट चालतं, आणि म्हणूनच ही चूक महिनोनमहिने लक्षात येत नाही. पण मागच्या खोलीचं एक वेगळंच बेट तयार होतं: ओटीवरचा प्रिंटर तिथल्या लॅपटॉपला सापडत नाही, फोनवरचं चित्र टीव्हीवर पाठवता येत नाही. दोन्ही बाजूंचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होत असतील तर तेवढंही चालत नाही. टेलिफोनच्या तारेवरच्या जुन्या मोडेमला असा वॅन पोर्ट बहुधा नसतोच, बारीक टेलिफोनचं भोक असतं. ते रिकामं सोडा. तुमच्या राऊटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" (फक्त वायफाय पसरवण्याचं काम) असं बटणच असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. मग केबल कुठे लावायची ते त्याच्या पुस्तिकेप्रमाणे करा.

दोन डब्यांमध्ये केबल एकच असावी. "दोन लावल्या तर वेग दुप्पट होईल" म्हणून कोणी दुसरी लावली तर माहिती गोल गोल फिरत राहते आणि घरभराचं नेट काही क्षणांत ठप्प होतं.

केबलवर काटकसर

इथे पैसे वाचवू नका. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवताना तुटते, कनेक्टरमध्ये नीट बसत नाही. शुद्ध तांब्याची कॅट ५ई घरासाठी पुरेशी आहे, आणि १०० मीटरपर्यंत तिला अडचण नाही. आमची २२ मीटर लागली.

कनेक्टर दाबताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठांपैकी एखादी तार नीट बसली नाही तर केबल पूर्ण मरतेच असं नाही. पुष्कळदा १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर चालत राहते आणि कारण कळत नाही. शंका आली तर दुकानातून साधा टेस्टर आणून सगळे दिवे क्रमाने लागतात का ते बघा.

विजेच्या तारांच्या पाइपातून केबल नेऊ नका. माळ्यावरून नेणार असाल तर पीव्हीसी पाइपात घाला, कारण उंदीर. घराबाहेरून न्यायचीच असेल तर उन्हापावसाला टिकणारी काळ्या जाड आवरणाची केबल घ्या. आतल्या वापराची केबल एकदोन पावसाळ्यांत तडकते. आणि आमच्या कोकणात पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही. दोन्ही डब्यांचे प्लग काढा आणि मधली केबलही काढा. तांब्याची लांब तार म्हणजे वाट असते.

वायफायची सेटिंग गृहीत धरणं

दोन्ही राऊटर एकाच चॅनेलवर ठेवले तर ते एकमेकांसाठी थांबत बसतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल. मुख्य डबा १वर असेल तर मागचा ६ किंवा ११वर ठेवा, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अगदी सारखा ठेवला तर फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जातो. कधी जायचं हे मात्र फोन ठरवतो, राऊटर नाही. मागच्या खोलीत येऊनही तो पडवीतल्या डब्यालाच चिकटून राहिला तर फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. रोजच असं होत असेल तर मागच्या राऊटरला वेगळं नाव द्या. वहिनींच्या लॅपटॉपसाठी आम्ही तेच केलं, कारण तो त्या खोलीतून हलत नाही.

वायफायच्या कुलपासाठी, म्हणजे सुरक्षेसाठी, डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. जुन्या राऊटरवर टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत राहिली असेल तर कुलूप कच्चं राहतंच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसच्या वर चढत नाही. ही एक सेटिंग बदलल्यावर मावशीकडचा राऊटर सरळ झाला होता.

हाताला लागेल तो ॲडॉप्टर

पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर तोच, असं नाही. काही राऊटर ९ व्होल्टचे, काही १२चे. ९च्या राऊटरला १२चा लावला तर तो जळू शकतो. व्होल्ट नेमके तेच हवेत, पिनेची अधिक-उणे बाजूही तीच. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला मूळ ॲडॉप्टरही थकलेला असतो. राऊटर दर अर्ध्या तासाने आपोआप बंद-चालू होत असेल तर सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी ॲडॉप्टर बदलून बघा. आणि वीज गेल्यावर नेट हवं असेल तर इन्व्हर्टरची लाइन दोन्ही डब्यांना लागते, एकट्या पडवीतल्याला देऊन मागची खोली चालत नाही.

जुन्या राऊटरकडून किती मागायचं तेही आधी ठरवा. त्याचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात, आणि खोक्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी हवेतून प्रत्यक्षात ५० ते ८० मिळाले तर तो नीट काम करतो आहे असं समजा. तास, व्हिडिओ कॉल, सिनेमा यांना ते भरपूर आहे. मोठमोठ्या फाइली सारख्या उतरवायच्या असतील तर लॅपटॉप त्याच केबलला जोडा, नाहीतर नवा गिगाबिट ॲक्सेस पॉइंट घ्या. केबल तर टाकलेलीच आहे, ती तशीच कामी येते.

सगळं चालू झालं की राऊटरच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवा. आमच्या पट्टीवर वहिनींनी लिहिलं आहे: "पत्ता १९२.१६८.२९.२. डीएचसीपी बंद. केबल लॅन १ मध्ये. रिसेट करू नये."