तिशी-चाळिशीत दात सरळ करायचे तर तारा का अलायनर? आधी आठवडाभर चहा मोजा

माझ्या स्टाफरूममधे सध्या माझ्या दातांचा विषय निघाल्याशिवाय दिवस जात नाही. क्लिपा लावून १४ महिने झाले, फरक आता लांबून दिसायलाय, त्यामुळं रोज कुणी ना कुणी विचारतंय की मॅडम तुम्ही ताराच का लावल्या, ते पारदर्शक ट्रेवालं, म्हणजे अलायनर, का नाही घेतलं, आता तर सगळे तेच घ्यायलेत. तर एकदाच नीट लिहून टाकते. मी अंबाजोगाईत ज्युनिअर कॉलेजला शिकवते, वय ३७, वरच्या दातांना सिरॅमिक आणि खालच्यांना मेटल ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले छोटे तुकडे, त्यांच्यातून तार जाते), ट्रीटमेंट लातूरला. माझा दीर पुण्यात असतो, घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो, त्यानं अलायनर घेतले आणि त्याचं जवळपास संपत आलंय. आम्हा दोघांचं चांगलं चाललंय आणि आम्ही अदलाबदल केली असती तर दोघांचंही बिघडलं असतं, असं मला आता पक्कं वाटतं.

पण तारा का ट्रे हे ठरवायच्या आधी एक काम आहे, डॉक्टरकडून एक्सरे काढून हिरड्या तपासून घ्यायचं, आणि ते मी उलटं केलं होतं. मी आधी ऑनलाइन जाहिरात बघून एका अलायनर कंपनीचा माणूस घरी बोलावला, त्यानं पलंगावर बसवून तोंडाचा स्कॅन केला, मोबाइलवर दात सरळ होतानाचा व्हिडिओ दाखवला आणि दहा हजार ॲडव्हान्स घेऊन गेला. एक्सरे नाही, हिरड्या बघितल्या नाहीत, शुगर आहे का विचारलं नाही. नवऱ्यानं हट्ट धरला म्हणून लातूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्यांनी ओपीजी काढला (सगळ्या जबड्याचा एकच मोठा एक्सरे असतो तो) तर खालच्या पुढच्या चार दातांच्या मुळाशी हाड खाली गेलेलं निघालं. हिरड्यांचा आजार होता, दुखत नव्हतं म्हणून मला कळलंच नव्हतं. आधी चार महिने हिरड्यांची ट्रीटमेंट, खोल क्लीनिंग, आणि मग दातांना हात लावला. त्या कंपनीकडून निम्मे पैसे परत मिळाले तेही फोन करून करून.

हे का महत्त्वाचं ते सांगते. दात हाडात सिमेंटनं बसवलेला नसतो, मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, आपण हळूहळू दाब दिला की ज्या बाजूला दात सरकायलाय तिकडचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. तार असो का प्लास्टिकचा ट्रे, आत हेच चालतं. हिरडीला सूज असताना हा दाब दिला तर हाड जातं पण पाहिजे तसं परत भरत नाही, आणि सरळ झालेला दात हलायला लागतो. मोठ्या वयात ही भीती शाळेतल्या पोरांपेक्षा जास्त. म्हणून ब्रश करताना रक्त येत असेल, शुगर असेल, तंबाखू-सिगरेट असेल, हाडं ठिसूळ झालीत म्हणून त्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, तर हे सगळं पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगा. लाजू नका. गुटखा-सुपारीनं तोंड कमी उघडत असेल तर तेही सांगा, राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे पण खाणारे घरोघरी आहेत हे आपल्याला माहीतच आहे, आणि तोंड दोन बोटंच उघडत असेल तर मागच्या दाढेला ब्रॅकेट चिकटवणंही अवघड आणि ट्रे काढणं-घालणंही अवघड.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. अलायनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात पाहिजेत. एकेक ट्रे दाताला साधारण पाव मिलीमीटर सरकवतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. तास कमी पडले की दात मागं राहतो, पुढचा ट्रे नीट बसत नाही, मग परत स्कॅन, परत नवीन ट्रे, महिने वाढतात. २२ तास म्हणजे ट्रे बाहेर ठेवायला दिवसाला फक्त १२० मिनिटं. २० धरले तर २४०. आणि ट्रे घालून फक्त साधं पाणी पिता येतं. चहा चालत नाही, कारण गरम चहानं प्लास्टिक वाकडं होतं, डाग पडतात, आणि साखर दात-ट्रेच्या मधे अडकून बसते, लाळ तिथं पोचत नाही, म्हणजे कीड लागायची पूर्ण सोय.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, घरी जा, एक आठवडा वहीत लिहा, तोंडात पाण्याशिवाय काहीही गेलं की वेळ टाका. मी लिहिलं. सकाळी उठल्यावर चहा, नाष्ट्यानंतर चहा, कॉलेजात दोन, घरी आल्यावर सासूबाईंसोबत एक, संध्याकाळी कुणी ना कुणी येतंच त्यांच्यासोबत एक. सहा झाले. घरचा चहा म्हणजे ट्रे काढणं, पिणं, चूळ भरणं, परत लावणं असं १५ मिनिटं धरा. पण कॉलेजातला चहा संपायच्या आत बेल होते, बेसिनपर्यंत जाऊन ट्रे लावायला वेळच नाही, म्हणजे पुढचा तास संपेपर्यंत तो डबीतच राहणार, तासाभराचं नुकसान. घरचे चार म्हणजे ६० मिनिटं, कॉलेजातले दोन १२०, नाष्टा आणि दोन जेवणं ब्रशसकट ९०. एकूण २७०, साडेचार तास. आणि हा साधा दिवस झाला, ह्यात लग्न नाही, बारसं नाही, शेतावर हुरडा नाही. कागदावर आकडा बघितला आणि माझं उत्तर तिथंच ठरलं.

दिरानं हेच केलं तर त्याचं दीड तासात बसलं, कारण तो दोनच चहा पितो आणि तेही जेवणाला जोडून. तुम्हाला वाटत असेल की ट्रे आले की आपण चहा सोडू, तर आजच सोडून बघा, आठवडाभर निभावला तर पुढचं बोला. आपल्याकडं कुणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हणलं तर माणसं मनाला लावून घेतात, दिवसातून चारदा समजावून सांगायची तयारी आहे का हेही बघा. ही वही खोटी लिहू नका, पैसे तुमचेच जाणारेत.

मग तुमचे दात कसे आहेत ते. पुढं थोडी गर्दी, थोड्या फटी, किंवा लहानपणी क्लिप लावली होती पण नंतर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे किंवा तार) घातला नाही म्हणून दात परत फिरले, असल्या केसमधे अलायनर खरंच छान काम करतात. पण सुळा किंवा त्याच्या मागचा दात उलटा फिरलेला असेल तर तो गोल असतो, प्लास्टिकला पकड मिळत नाही. सुळा वर हाडातच अडकलेला असेल, किंवा चार दात काढून ती मोठी जागा बंद करायची असेल, तर मूळ सरळ ठेवून दात सरकवायला तारा जास्त भरवशाच्या. अनुभवी डॉक्टर अलायनरनंही बरंच काही करतात, पण मग दातावर ॲटॅचमेंट लागतात, दाताच्या रंगाचे छोटे उंचवटे, कधी दोन दातांच्या मधे जरासं घासतात. म्हणजे अगदीच दिसत नाही असं नसतं, ट्रे काढून जेवायला बसलं की जवळच्याला ते उंचवटे कळतात. आणि जबडाच पुढं किंवा मागं असेल तर मोठ्या वयात हाडाची वाढ थांबलेली असते, तिथं ऑपरेशन लागू शकतं, नुसत्या तारांनी किंवा नुसत्या ट्रेनं जबडा मागं जाईल असं कुणी म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आपल्या भागातली एक गोष्ट. किनवटकडं आणि इतरही बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, दातांवर लहानपणापासूनचे पिवळे-तपकिरी डाग असतात. अशा दातावर ब्रॅकेट चिकटवलं तर पकड कमी बसते, सुटायचं प्रमाण जास्त, ॲटॅचमेंटचंही तसंच. उपाय आहेत, पण डॉक्टरला आधी माहीत पाहिजे. दाढेवर सिरॅमिकची कॅप असेल तिथंही चिकटवायची पद्धत वेगळी, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तो जागचा हलत नाही, बाकीचे दात त्याच्या हिशोबानं लावावे लागतात.

तारांचा त्रास कमी आहे असं मी म्हणणार नाही. पहिले दहा दिवस गाल आणि ओठ आतून सोलले, ऑर्थो वॅक्स मिळतं ते काटेरी जागेवर लावायचं, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायच्या. तार टाइट केली की दोन-तीन दिवस वरण-भातच. पहिल्याच संक्रांतीला तिळाच्या कडक वडीनं माझं खालचं ब्रॅकेट सुटलं आणि त्यासाठी लातूरची एक्स्ट्रा फेरी झाली. ऊस दातानं सोलणं बंद, चिक्की बंद, पेरू फोडी करून, शेंगदाणे कुटून. भाकरी कालवणात कुस्करून खाल्ली की काही होत नाही, येळवशीला (वेळ अमावस्येला) भज्जी आणि आंबिल पोटभर खाल्लं. हळदीनं ब्रॅकेटवरचे पारदर्शक रबर दोन दिवसांत पिवळे होतात, सिरॅमिकचा सगळा दिखावा जातो, म्हणून मी राखाडी मागून घेते. ब्रश करायला सकाळी-रात्री दहा-दहा मिनिटं जातात, मधल्या फटींसाठी तो बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश घ्या, नाहीतर क्लिपा निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग राहतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. इथं अलायनरवाले खरंच सुखी, ट्रे काढला की नेहमीसारखं ब्रश आणि फ्लॉस. ज्यांच्या हिरड्या नाजूक आहेत आणि शिस्त पक्की आहे त्यांनी ह्या एका कारणासाठीही अलायनरचा विचार करावा.

लग्न ठरलेल्या पोरी विचारतात, सहा महिन्यांवर आलंय, काय करू. सहा महिन्यांत फार थोड्या केस संपतात. मोठं सरकवायचं असेल तर दात महिन्याला एखादा मिलीमीटर सरकतो, दीड-दोन वर्षं सहज जातात. फोटोसाठी ट्रे काही तास काढता येतो हा अलायनरचा फायदा आहे, पण हळदीपासून सत्यनारायणापर्यंत चार दिवस काढून ठेवता येत नाही. आणि मंगल कार्यालयात ट्रे टिशूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबी पर्समधे किंवा खिशातच पाहिजे. एप्रिल-मे मधे उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका, आपल्या ४२ डिग्रीत बंद गाडीत प्लास्टिकचं काय होईल सांगायला नको. हरवला तर मनानं पुढचा घालू नका, आधीचा घालून डॉक्टरला फोन करा, म्हणून आधीचा ट्रे कधी टाकून द्यायचा नाही.

येण्या-जाण्याचाही हिशोब धरा. तारांना दर चार ते सहा आठवड्यांनी जावंच लागतं. मी शनिवारी एसटीनं जाते, अर्धा दिवस मोडतो. अलायनरला दोन-दोन महिन्यांनी गेलं तरी बऱ्याचदा चालतं, त्यामुळं ज्यांचा डॉक्टर दुसऱ्या शहरात आहे किंवा बदलीची नोकरी आहे त्यांना ते सोपं. पण तार टोचायला लागली तर गावातला कुठलाही दातांचा डॉक्टर टोक कापून देतो, अलायनर बिघडला तर जिथून घेतला तिथंच जावं लागतं.

पैशाचं. मेटल तारा आपल्याकडं साधारण २५-३० हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत, सिरॅमिक त्याच्या वर, अलायनर थोडक्या कामाचे ५०-६० हजारांपासून सुरू होऊन मोठ्या केसला दोन-तीन लाखांपर्यंत जातात. मेडिक्लेममधे हे बहुतेक बसत नाही. बजेट कमी असेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटी दवाखान्याजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, लातूर-नांदेडलाही डेंटल कॉलेज आहेत, तिथं पीजीचे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली तारा लावतात, खर्च बराच कमी, फक्त नंबर आणि वेळ लागतो.

डॉक्टर एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याचं खास शिक्षण घेतलेले) आहेत का हे सरळ विचारा, पाटीवरही बघा. अलायनरच्या भावात रिफाइनमेंटचे, म्हणजे शेवटी दात पूर्ण बसले नाहीत तर लागणारे जास्तीचे ट्रे धरलेत का, रिटेनर धरलाय का, ब्रॅकेट सुटलं तर वेगळे पैसे आहेत का, आणि डॉक्टरनं क्लिनिक बदललं तर आपलं पुढं काय, हे कागदावर लिहून घ्या. डॉक्टरला न भेटता घरपोच ट्रे पाठवणारी स्माइल डायरेक्ट क्लब नावाची मोठी अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मधे अचानक बंद पडली, कितीतरी लोकांची ट्रीटमेंट अर्धवट राहिली. समोर तपासणारा, दर भेटीला तोंडात बघणारा माणूस पाहिजेच, मग ट्रे कुठल्याही कंपनीचे असू दे.

रिटेनर दोन्हींत लागतो. खालच्या दातांच्या मागं बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा ट्रे देतात, आणि तो वर्ष-दोन वर्षं नाही तर वर्षानुवर्षं रात्री घालायचा असतो, सोडला की दात परत जुन्या जागेकडं निघतात. म्हणजे रात्रीचा ट्रे दिला असेल तर तो रोज आठवणीनं घालायची सवय तारावाल्यांनाही लावून घ्यावीच लागते.

पहिल्या भेटीला जाताना जुने एक्सरे, शुगरचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि ती आठवड्याची वही सोबत न्या. माझ्या डॉक्टरीणबाईंनी वही आधी मागितली, एक्सरे नंतर.