घरची काकडी : नाशिकच्या हवेत या चुका टाळा

नाशिकची थंडी गहू-हरभऱ्याला मानवते, काकडीला मानवत नाही. तरीही दिवाळीनंतर हवा आल्हाददायक झाली की अनेक जण उत्साहाने कुंडीत काकडीचे बी टोकतात आणि ते उगवले नाही, किंवा रोप चार पानांवरच अडून बसले, की दोष बियाण्याच्या पाकिटाला देतात. काकडीचे बी नीट उगवायला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाची माती लागते आणि माती फार गार असेल तर ते रुजण्याआधीच कुजते. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो, निफाड परिसरात तर त्याहूनही खाली उतरतो. म्हणून उन्हाळी काकडीसाठी थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत आणि पावसाळी काकडीसाठी जून-जुलैमध्ये बी लावावे. काकडीच्या मुळांना हलवलेले सोसत नाही, त्यामुळे बी शक्यतो कायमच्या जागीच, सुमारे दोन सेंटिमीटर खोल टोकावे. गच्चीवर एका वेलाला किमान १५ ते २० लिटरची कुंडी हवी.

सर्वाधिक गैरसमज फुलांबाबत आढळतो. वेलावर आधी येणारी फुले बहुतेक नर असतात आणि ती गळून पडणे स्वाभाविक आहे. त्या काळजीने खताचा मारा केल्यास, विशेषतः युरियाचा, नुसती पानेच माजतात. फुलाच्या मागे पाहावे : नर फुलाला साधा बारीक देठ असतो, तर मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढी, बारीक लव आणि काटे असलेली इवलीशी काकडी आधीच दिसते. ही इवली काकडी पिवळी पडून गळत असेल, किंवा वाढलेले फळ एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळते होत असेल, तर बहुधा परागीकरण अपुरे झालेले असते. उंच इमारतींच्या गच्चीवर, तसेच वेल जाळीने पूर्ण झाकलेला असल्यास, मधमाश्या पुरेशा पोहोचत नाहीत. अशा वेळी सकाळी नुकतेच उमललेले नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. पॉलिहाऊससाठीचे परागीकरणाविना फळ धरणारे वाणही अशा जागी उपयोगी पडतात.

काकडी कडू निघाली की शेजारच्या कारल्याच्या वेलाकडे बोट दाखवले जाते, पण त्यात तथ्य नाही. कारले आणि काकडी यांचा संकर होतच नाही. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि वेलावर ताण आला की त्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हा ताण प्रामुख्याने पाण्याच्या अनियमिततेतून येतो : दोन दिवस माती कोरडी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायची, ही पद्धत सर्वांत घातक आहे. काळी माती वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. तीच माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजवते. म्हणून जमिनीत लावताना गादीवाफा, म्हणजे उंच उचललेला वाफा, करावा, उन्हाळ्यात वेलाच्या बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्यावे आणि बोटभर खोल माती चाचपून मगच पाणी घालावे. देठाकडचा भाग अधिक कडू असतो, तो कापून टाकल्याने बाकीची काकडी बरेचदा खाण्याजोगी राहते. मात्र संपूर्ण फळच अतिशय कडू लागल्यास ते खाऊ नये.

नाशिकपुरती म्हणावी अशी एक चूक आवर्जून सांगायला हवी. घरात किंवा नात्यात द्राक्षबाग असते, तेथील उरलेले औषध परसबागेत येते आणि पानांवर पांढरी भुकटी दिसताच भुरी ओळखून गंधक फवारले जाते. निदान योग्य असते, पण काकडीवर्गीय पिके गंधकाला संवेदनशील असतात. तापमान ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर किंवा निंबोळी तेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक मारले तर पाने करपतात. शिवाय द्राक्षासाठीच्या औषधाचे प्रमाण आणि काढणीपूर्व अंतर (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) काकडीला लागू होत नाही, आणि काकडी तर आपण सालीसकट कच्ची खातो. शिरांनी बांधलेले, कोनाकोनाचे पिवळे ठिपके दिसले तर तो केवडा रोग, म्हणजे द्राक्षावरचा डाऊनी रोग ज्या वर्गातला, त्याच वर्गातला. दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. दोन्ही रोगांत बाधित पाने लवकर काढावीत, वेल मांडवावर किंवा जाळीवर मोकळा चढवावा आणि पाणी सकाळी बुडाशीच द्यावे. कोणतीही फवारणी करायचीच असेल तर ती सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी.

फळमाशीसाठी आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचा सापळा आणून टांगल्यास काकडीवरची माशी त्यात येत नाही, तिच्यासाठी क्यू ल्यूर या वेगळ्या गंधद्रव्याचा सापळा लागतो. डंख झालेली फळे वेलाखाली न टाकता खोल पुरावीत.

तोडणीत हयगय करू नये. एखादी काकडी पिवळी होईपर्यंत वेलावर राहिली की वेल बी पोसायला लागतो आणि नवी फुले कमी होतात. बहराच्या काळात एक दिवसाआड पानांखाली शोधून, कोवळी असतानाच, देठ कात्रीने कापून काकडी काढावी. ओढून काढल्यास नाजूक वेल दुखावतो.