ठोकलेली सेदान घ्यायचीय? आधी बॉनेटचे बोल्ट बघा

माझा भाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतो. दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्या तसा त्याचा फोन आला. "मामा, बीएमडब्ल्यू एम३४०आय बघितलीय. पुण्यात आहे. एमएच १२ पासिंग, सिंगल ओनर, बाजारापेक्षा ११ लाखांनी कमी. घेऊन टाकू की."

"कुठं ठोकलीय?"

थोडा वेळ नुसता मागांचा खडखडाट ऐकू आला. मग म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायची गरजच नव्हती. २२ वर्षं मी सोलापुरात मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतोय. पुणे हायवेवर मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात आपटलेल्या गाड्यांखाली झोपण्यात निम्मं आयुष्य गेलं. ११ लाख कुणी प्रेमाखातर सोडत नाही. तरी मी त्याला नको म्हणालो नाही. ही गाडी मार्च २०२१ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम ६२.९० लाखांना होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरला ४.४ सेकंद. हे सगळं कारखान्याचा हप्ता न चुकवता दारात आणायचं असेल, तर ठोकलेली गाडी हा वाईट रस्ता नाही. फक्त ती कुठं लागलीय आणि कशी उभी केलीय, हे घेणाऱ्याला विकणाऱ्याइतकंच माहीत पाहिजे.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "क्लेम किती लाखांचा झाला होता?" या प्रश्नाचा उपयोग जवळजवळ शून्य. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लागतो. पार्टच्या किमती मात्र उतरत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे दुरुस्त न करता निकाली निघते. आता हिशेब करा. दोन एअरबॅग फुटल्या, त्यांच्याबरोबर डॅशबोर्ड गेला, सीटचे पट्टे गेले, एक एलईडी हेडलाइट, बंपर, रेडिएटर. एवढ्यात जुनी जर्मन सेदान टोटल होऊ शकते, आणि तिची हाडं सरळच असतात. उलट मागचं चाक दुभाजकावर चढलेली गाडी दीड-दोन लाखांत 'नीट' होते, बंपरवर ओरखडाही दिसत नाही, आणि ती जन्मभर तिरकी चालते.

अशी एक गाडी मी स्वतः घेतलीय. होय, सर्व्हेअर असून. विकणारा ओळखीचा होता, रंग मूळचा होता, पुढचा भाग कोरा होता. मागं डाव्या बाजूला 'जरासं घासलं होतं' असं तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. घरी आणल्यावर लक्षात आलं की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग घड्याळातल्या एकच्या दिशेला राहतं. सहा हजार किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही टायर आतल्या कडेनं तारा दिसेपर्यंत झिजले. अलाइनमेंटवाल्यानं कागद काढून दिला, तेव्हा थ्रस्ट अँगलचा आकडा लाल रंगात होता. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नव्हता, गाडी खेकड्यासारखी जात होती. मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारा सांगाडा, वाकली होती. ती बदलण्यात गेलेला पैसा मी अजून घरात सांगितलेला नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, टोकन देऊ नको. आधी कागद मागव.

पहिला कागद आरसी नाही, जुन्या पॉलिसी. एक नव्हे, सगळ्या. प्रत्येकीवर नो क्लेम बोनसचा आकडा असतो आणि त्याची शिडी ठरलेली आहे: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. २०२१ ची गाडी एकाच मालकाकडे असेल आणि कधी क्लेम झाला नसेल, तर २०२२ च्या पॉलिसीवर २०, २०२३ ला २५, २०२४ ला ३५ दिसले पाहिजेत. मध्येच शून्य आलं की आदल्या वर्षी क्लेम झाला. भाच्याच्या गाडीला २०२३ पर्यंत शिडी बरोबर होती आणि २०२४ ला शून्य. अपघाताचं वर्ष घरबसल्या सापडलं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही आकडा टिकतो. आणि बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे दुसऱ्या मालकाकडे शून्य दिसलं म्हणून लगेच संशय घेऊ नका.

वर्ष कळलं की त्या वेळचं वर्कशॉपचं फायनल बिल मागा. एस्टिमेट नको, बिल. एस्टिमेटमध्ये दिसतं ते मागितलेलं, बिलात दिसतं ते बदललेलं. 'बिल हरवलं' म्हणाला तर मालकाला सोबत घेऊन वर्कशॉपमध्ये जा, चेसी नंबरवर नोंद निघते. मालक यायला तयार नसेल तर गाडी तिथंच सोडा. एम परिवाहन या सरकारी अ‍ॅपवर मालकांची संख्या, बोजा, विम्याची मुदत बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात, ई-चलनाला आणखी दोन. त्यावर जास्त लिहीत नाही.

चेसी नंबरवर मात्र लिहितो. टोटल झालेल्या गाडीची आरसी आणि नंबर घेऊन ते चोरीच्या गाडीवर बसवणं हा जुना धंदा आहे. पत्र्यावर कोरलेले १७ आकडे-अक्षरं आरसीशी एकेक करून जुळवा, काचेखालच्या पट्टीशी जुळवा, आणि स्कॅनर लावल्यावर कॉम्प्युटरमधल्या नंबराशीही जुळवा. कोरलेल्या जागेभोवती ताजा रंग किंवा घासल्याची खूण दिसली तर घासाघीस करत बसू नका, घरी या.

पहाटे पाचला निघालो. पिशवीत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचं मीटर, स्कॅनर आणि एक जुनी सोलापुरी चादर, गाडीखाली अंथरायला. निघताना अक्का, म्हणजे माझी बहीण, दारात उभी. "ठोकलेल्या गाडीत माझं पोरगं बसणार?" तिला वाटलं मी हसेन. पण तिचा पुढचा प्रश्न बरोबर होता: "त्यात कुणी गेलं-बिलं तर नाही ना?" तेही विचारावं. जखमी असतील तर पोलीस केस असते, आणि केस चालू असलेली गाडी कशाला गळ्यात घ्यायची?

गाडी उन्हात उभी करून घ्या, शेडखाली नको. धुऊन पुसून ओली ठेवली असेल तर वाळेपर्यंत चहा घ्या, ओल्या रंगावर काही दिसत नाही. आणि रंगाकडं बघण्याआधी बॉनेट उघडा.

बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट, फेंडरचे बोल्ट. कंपनीतून येणाऱ्या गाडीत पत्रे बसवून मग रंग चढतो, त्यामुळं बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड असतो. पाना लागला की कडा उघड्या पडतात, किंवा नंतर ब्रशनं फासलेला रंग दिसतो. या गाडीत उजवीकडचे बोल्ट कोरे होते, डावीकडच्या तिघांच्याही कडा चमकत होत्या. म्हणजे डावं फेंडर उतरलं होतं. त्यात वाईट काही नाही. फेंडर हे बोल्टवर टांगलेलं कातडं, बदललं की संपलं. आपल्याला बघायचंय ते त्याच्या खालचं: एप्रन, म्हणजे चाकावरचा आतला पत्रा, आणि चेसी लेग, म्हणजे पुढचा भाग तोलणारे दोन लांब दांडे. टॉर्च तिरका धरा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावरच्या गोल खळ्यांसारखे दिसतात, जोडावरचं सीलर एकसारखं ओढलेलं असतं. खळ्या गायब, सीलर बोटानं लिंपल्यासारखं, पत्र्यावर सुरकुती, किंवा बाकी सगळं धुळकट आणि एवढ्याच जागी काळाकुट्ट नवा कोट, यातलं एक जरी दिसलं तरी मी पुढं बघत नाही.

इथं एक गोची आहे. या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियम भरपूर असतं. एम३४०आयच्या पिढीतल्या थ्री सीरिजचं बॉनेट आणि पुढची फेंडरं अ‍ॅल्युमिनियमची, सस्पेन्शनचे पुढचे टॉवरही, म्हणजे पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा वर जिथं टेकतात ते. २०१४ मध्ये आलेल्या पिढीच्या मर्सिडीज सी-क्लासमध्ये तर दारं आणि छतसुद्धा. चुंबक घेऊन फिरणारे काका इथं फसतात: चुंबक चिकटत नाही म्हणून "लांबी (पुट्टी) भरलीय" असं छातीठोक सांगतात. अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं मीटरच लागतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. दोनशेच्या वर गेला की रंग पुन्हा मारलाय. पाचशेच्या वर म्हणजे खाली लांबी आहे. दोनशेला घाबरू नका, गल्लीत सायकल घासली तरी लोक पॅनेल रंगवतात. छत आणि पिलरवर, म्हणजे छत तोलणाऱ्या खांबांवर, जास्त आकडा आला तर मात्र घाबरा, तिथं उगाच कुणी रंग मारत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमचा टॉवर वाकला तर लोखंडासारखा ठोकून सरळ होत नाही, चिरतो. बदलायचा तर चिकटवून रिव्हेट मारायचं काम, तेही सगळ्या वर्कशॉपना जमत नाही. टॉवरवर घण पडल्याची खूण दिसली तर ११ लाख काय, २० लाख कमी असले तरी नको.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि सालाचा आकडा असतो. सगळ्या एका सालच्या आहेत का बघा. समोरची काच एकटी वेगळी असेल तर तो दगडही असू शकतो. बाजूची आणि मागची वेगळी असेल तर प्रश्न विचारा.

आता पट्टे. घाईत हे कुणी बघत नाही. पट्टा पूर्ण ओढून टोकापर्यंत काढा, खाली शिवलेल्या लेबलावर तारीख असते. चालकाच्या बाजूचा पट्टा गाडीच्याच सालचा निघाला. डाव्या सीटचा २०२४ चा. विकणारा सकाळपासून सांगत होता, "एअरबॅग फुटलेल्या नाहीत साहेब." त्यात तो खोटं बोलत नव्हता. धक्का मध्यम असेल तर नुसते पट्ट्याचे प्रीटेन्शनर (धक्क्यात पट्टा आवळणारे) सुटतात आणि एअरबॅग फुटत नाहीत. भाच्यानं बिल उघडलं, त्यात पट्टा होता. पट्टा नवा असणं ही चांगली खूण. मला भीती असते ती सुटलेल्या प्रीटेन्शनरचा जुनाच पट्टा ठेवून आत रेझिस्टर टाकून दिवा विझवलेल्या गाडीची. म्हणून इग्निशन लावताना एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी हात घातलाय. बीएमडब्ल्यूत आणखी एक जागा आहे, डिकीतल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल. मोठा धक्का बसला की त्यातला छोटा बार उडून मुख्य केबल तुटते. तिथं देशी जोडकाम दिसलं तर अपघात मोठा होता आणि दुरुस्ती स्वस्तातली.

स्कॅनर लावलात तर नुसत्या इंजिनवर थांबू नका, सगळी मॉड्यूल वाचा. एअरबॅग मॉड्यूलमध्ये धक्क्याची नोंद सापडते. किलोमीटरचा आकडाही एकापेक्षा जास्त ठिकाणी साठवलेला असतो, ते एकमेकांशी जुळवा.

बिलाच्या तळाशी एक ओळ होती: डावा लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा. भाचा ती वाचून पुढं गेला, मी थांबलो. लोअर आर्म बदलला म्हणजे मार चाकापर्यंत पोचला होता. मग गाडी आम्ही सांगू त्या अलाइनमेंट सेंटरवर न्यायची अट घातली. विकणारा कुरकुरला, पण आला. कागदावर दोन गोष्टी बघितल्या: डाव्या-उजव्या कॅम्बरमधला, म्हणजे चाकांच्या उभ्या कलातला, फरक आणि थ्रस्ट अँगल. फरक अर्ध्या अंशाच्या आत होता, थ्रस्ट अँगल जवळजवळ शून्य. तो कागद बघून मला सबफ्रेमवाली गाडी आठवली आणि चहा जरा कडू लागला.

चालवताना ऐंशी-नव्वदला, सपाट रस्ता बघून, हात सैल सोडा. ब्रेक दाबताना ओढते का ते बघा. टायर चारही सारखे झिजलेत का तेही बघा. अशा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर ठेवले तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीची, वाट लागते, आणि तो खर्च बंपरपेक्षा मोठा.

भावाचं म्हणाल तर माझा साधा नियम असा: नुसती कातडी बदललेली, बिलासकट गाडी असेल तर बाजारापेक्षा १२ ते १५ टक्के खाली. सस्पेन्शनला मार असेल तर निदान २० टक्के खाली. कारण पुढं विकताना समोर माझ्यासारखाच कुणीतरी टॉर्च घेऊन उभा असणार. एप्रन, लेग, पिलर यांना मार असेल तर फुकट दिली तरी नको. भाच्यानं आणखी पावणेदोन लाख पाडले, त्यातले ६० हजार एकट्या लोअर आर्मच्या ओळीचे.

व्यवहार झाला की गाडी नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म. यात एजंट मदत करतो. तो विसरतो ते विम्याचं. गाडी तुमच्या नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. नाही दिला आणि तिसऱ्या आठवड्यात ठोकलीत, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर येतो आणि विमा कंपनी तो नाकारते. असे नाकारलेले क्लेम मी बघितलेत.

अक्कानं गाडी आधी सिद्धेश्वराच्या देवळात न्यायला लावली. चारही चाकांखाली लिंबू ठेवले. भाच्यानं गिअर 'डी'वर टाकला, आणि मी सवयीनं खाली वाकून डाव्या टायरची आतली कड चाचपली. हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा चाचपायची आहे, आणि अलाइनमेंटचा दुसरा कागद काढून पहिल्याशेजारी ठेवायचा आहे.